हलत्या दिव्यांच्या पाट्या : एक रसविचार

संग्रहाची हौस आणि रसिकता या दोन गोष्टी एकाच घरांत नांदतातच असें नाहीं. ग्रंथ जमविणारे सर्वच गृहस्थ ग्रंथ वाचतात असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं, आणि ज्यांच्या भिंतींवर चित्रांची दाटी आहे त्यांना चित्र दिसतेंच अशीही खात्री देतां येत नाहीं. तथापि जुनीं नाणीं, मूर्ति, पोथ्या, समया यांच्या संग्रहाविषयीं आपल्या सुशिक्षित समाजाच्या मनांत आदर असतो. पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आलेला मनुष्य एखाद्या अडकित्त्याच्या घडणीविषयीं घरीं चार शब्द कौतुकानें बोलल्यावांचून राहत नाहीं. परंतु बिअरच्या जाहिरातीच्या, विजेच्या, आणि त्यांतही हलत्या दिव्यांच्या पाट्या जमविणारे लोक अमेरिकेंत आहेत असें सांगितलें, तर याच मनुष्याच्या चेहऱ्यावर जें स्मित उमटेल त्यांत कौतुकापेक्षां कींवच अधिक असेल. प्रस्तुत लेखकाचेंही तसेंच झालें होतें. तें मत कां बदललें, आणि कोणत्या बाबतींत बदललें नाहीं, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें पाहूं. निऑन हा वायु विल्यम रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघा शास्त्रज्ञांनीं १८९८ सालीं लंडन येथें शोधून काढला. पुढें जॉर्ज क्लोद या फ्रेंच संशोधकानें १९१० च्या डिसेंबरांत पॅरिसच्या मोटारगाड्यांच्या प्रदर्शनांत या वायूच्या नळ्यांचा प्रकाश लोकांस दाखविला. आणि १९१२ सालीं त्याच शहरांतील एका न्हाव्याच्या दुकानावर तशा नळ्यांची पहिली पाटी लागली असें सांगतात. कांचेच्या नळींतील हवा काढून टाकावयाची, वातावरणाच्या दाबाच्या सुमारें शंभराव्या हिश्श्याइतक्या दाबानें तींत निऑन भरावयाचा, आणि दोन्ही टोकांना कांहीं हजार व्होल्टचा विद्युद्दाब द्यावयाचा, कीं सगळी नळी नारिंगी-तांबड्या प्रकाशानें भरून जाते. निळा रंग हवा असल्यास आर्गॉन वायु आणि पाऱ्याचा एखादा थेंब. इतर छटांसाठीं रंगीत कांच, किंवा नळीस आंतून लावलेली चकाकणारी पूड. साध्या दिव्यांत तार तापून प्रकाश पडतो. येथें जळावयास तारच नाहीं, म्हणून चांगली भरलेली नळी दशकानुदशकें टिकते.

नळी वांकविण्याचें काम हातानेंच होत आलें आहे. कारागीर समोर पूर्ण आकाराचें रेखाटन ठेवतो, कांच ज्योतीवर धरतो, ती मऊ होतांच रेखाटनावर टेकवून वांकवितो, आणि बांकाच्या जागीं ती चेपूं नये म्हणून तोंडांत धरलेल्या रबरी नळीनें हलकेच फुंकर घालीत राहतो. पुष्कळदां अख्खा शब्द एकाच नळीचा असतो. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाणारा भाग दिसूं नये म्हणून त्यावर काळा रंग फांसतात. प्रकाश तेथेंही असतोच. तो झांकल्यामुळें अक्षरें सुटीं होतात. या काळ्या जागा वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या, कारण प्रस्तुत विवेचनाचा भार पुढें अंधारावरच यावयाचा आहे.

आतां ‘हलत्या’ या विशेषणाविषयीं. या पाट्यांत वस्तुतः कांहींच हलत नाहीं. बाटली उभी, बाटली कललेली, बाटली ओणवी अशा तीन आकृतींच्या तीन नळ्या एकमेकींलगत बसविलेल्या असतात. जुन्या पाट्यांत पाठीमागील पेटींत एक लहानशी मोटर सावकाश दांडा फिरवीत असते. दांड्यावरील उंचसखल चकत्या पाळीपाळीनें विजेचा मार्ग जोडतात व तोडतात, आणि त्या पाळीनें नळ्या उजळतात व विझतात. गणेशोत्सवाच्या रोषणाईंत दिव्यांचें चक्र गरगर फिरतांना आपण सर्वांनीं लहानपणीं पाहिलें आहे; तें खरोखर फिरत नसतें हें कळल्यावर झालेली किंचित् निराशाही पुष्कळांना आठवत असेल. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानें फ्रँकफुर्ट येथें प्रयोग करून या भासाविषयींचा आपला निबंध १९१२ सालीं प्रसिद्ध केला. दोन रेघा एकीमागून एक दाखविल्या, आणि मधील अवकाश सेकंदाच्या साठ सहस्रांशांच्या आसपास ठेवला, तर पाहणाऱ्यास एकच रेघ सरकल्यासारखी दिसते. अवकाश फारच कमी केला तर दोन्ही रेघा एकदम दिसतात. पुष्कळ वाढविला तर एकीमागून दुसरी आली एवढेंच कळतें. बिअरच्या जुन्या पाट्यांची चाल बहुधा या तिसऱ्या प्रकारची, सावकाश असते. डोळा त्यांत पुरता फसत नाहीं. बाटली कलतांना दिसत नाहीं. ती कलली हें मन समजून घेतें.

ही कला बिअरच्याच पदरीं इतकी कां पडली, याचें उत्तर अमेरिकेच्या कायद्यांत सांपडतें. १९२० च्या जानेवारींत तेथें दारूबंदी अमलांत आली. निऑनची कला अमेरिकेंत पसरली ती त्याच दशकांत, म्हणजे मद्यगृहांचे दरवाजे बंद असतांना. १९३३ च्या ७ एप्रिलला सौम्य बिअरला परवानगी मिळाली, आणि ५ डिसेंबरला दारूबंदी सर्वस्वीं उठली. तेरा वर्षांनीं कारखाने उघडले तेव्हां गिऱ्हाइकाला हांक मारण्याचें अगदीं नवें साधन त्यांच्या हातीं आयतेंच आलें होतें. पूर्वीं कित्येक मद्यगृहें कारखानदारांच्याच ताब्यांत असत. नव्या कायद्यांनीं ती वाट अडविली, आणि कारखानदारानें दुकानदारास काय द्यावें यावरही निर्बंध घातले. पाटी मात्र ठराविक मर्यादेंत देतां येई. त्यामुळें गांवोगांवच्या मद्यगृहांच्या खिडक्यांत त्या त्या प्रदेशांतील बिअरचें नांव तांबड्या-निळ्या अक्षरांत उजळूं लागलें. त्या १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत बिअरचे सातशेंहून अधिक कारखाने होते. १९८० च्या सुमारास ते शंभराच्या आंत आले. कारखाने गेले, नांवें गेलीं, पाट्या माळ्यावर पडल्या. १९७० सालीं सेंट लुइस येथें बिअरचे डबे जमविणाऱ्यांची एक संघटना निघाली, आणि अशा मंडळींच्या मेळाव्यांत डब्यांबरोबर पेले, थाळ्या, झांकणें व पाट्याही हातोहात फिरूं लागल्या. या सर्व सामग्रीस तिकडे ‘ब्रुअरियाना’ असें लॅटिन वळणाचें भारदस्त नांव आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझी कन्या नोकरीनिमित्त मिनेसोटा राज्यांत राहत असतां मी तिच्याकडे एक हिंवाळा काढला. तिच्या शेजारीं एक निवृत्त वीजकारागीर राहत. पाहुण्यास कांहीं तरी दाखवावें या सौजन्यानें त्यांनीं मला एके संध्याकाळीं आपल्या तळघरांत नेलें. तेथें जाण्यापूर्वींच माझें मत ठरलेलें होतें, आणि त्याचें कारण साहित्यशास्त्रांतलें नव्हतें. माझे थोरले बंधू दारूनें गेले. ते आम्हां भावंडांत सर्वांत हुशार होते, आणि त्यांचा आवाज चांगला होता. अखेरच्या दहा वर्षांत घरांतील भांडींसुद्धां मोडींत गेलीं. याहून अधिक येथें सांगण्याचें कारण नाहीं. एवढ्यावरून वाचकांस कळेल कीं, मद्याच्या जाहिरातीकडे ‘कला’ म्हणून पाहण्यास मला कोणी बोलावलें, तर माझें पाऊल जड होणें स्वाभाविक होतें.

गृहस्थांनीं तळघरांतील दिवे मालविले आणि ते एकामागून एक खटके दाबीत गेले. अकरा पाट्या होत्या. कांहीं नुसत्या नांवाच्या, स्थिर, चार हलत्या. त्यांपैकीं एक, कधींच बंद पडलेल्या एका कारखान्याची, मला विशेष वेळ पाहतां आली. आधीं उभी बाटली उजळे. ती विझून कललेली बाटली येई. मग तिच्या तोंडापासून पेल्यापर्यंत एक पिवळी धार. मग पेला, आणि त्यावर फेंसाचीं तीन पांढरीं वळणें. हें सर्व क्षणभर एकत्र झळके, आणि मग एकदम अंधार. अंधार दीड-दोन सेकंदांचा असेल. त्या वेळीं मोटरीची कुरकुर तेवढी ऐकूं येई. नंतर पुन्हां उभी बाटली.

मी सुमारें पाऊण तास त्या पाटीसमोर उभा राहिलों. गृहस्थांना आनंद झाला. माझी मलाच थोडी लाज वाटली. परंतु आपणांस जी गोष्ट सुंदर वाटली ती सुंदर वाटली नाहीं असें म्हणणें, हा समीक्षेंतला पहिला अप्रामाणिकपणा होय. म्हणून तिच्या सौंदर्याचें कारण शोधणें भाग पडलें.

तें कारण तुलनेनें लवकर ध्यानांत येतें. त्याच तळघरांत दुसऱ्या एका प्रकारची हलती पाटी होती. सेंट पॉल येथील हॅम या कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत मद्यगृहांतून ‘सीन-ओ-रामा’ नांवाच्या लांबट पेट्या लावल्या होत्या. त्यांत निऑन नाहीं. लांबलचक चित्रपट्टी रुळांवर सावकाश सरकते, मागून दिवा असतो, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून सरोवर, धबधबा, होडी, तंबू, शेकोटी असा देखावा जात राहतो. संग्राहकांत या पेटीला मोठा मान आहे, आणि तिची करामत नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि तिच्यापुढें पांच मिनिटें उभें राहिल्यावर मनाला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. तीं सर्व कांहीं दाखवून टाकते. पाणी खळखळतें म्हणजे खळखळतेंच. निऑनची पाटी याच्या उलट कंजूष आहे. तिच्यापाशीं चार-पांच रेघा आहेत. उभ्या बाटलीपासून कललेल्या बाटलीपर्यंतचा सगळा प्रवास ती गाळते, आणि तो पाहणाऱ्यानें आपल्या पदरचा घालावयाचा असतो. ध्वनिवादी आचार्यांनीं काव्याविषयीं जें सांगितलें तें या कांचेच्या नळ्यांस लागूं पडावें हें चमत्कारिक वाटेल. परंतु आनंदवर्धनानें ज्या अर्थाला काव्याचा आत्मा मानलें, तो शब्दांनीं न सांगितलेला अर्थच नव्हे काय? दोन दिव्यांमधील न दाखविलेली हालचाल ही त्याच जातीची आहे.

यावर कोणी म्हणेल, बिअर खपविण्यासाठीं पगारी कारागिरांनीं केलेल्या वस्तूस काव्याच्या पंक्तीस बसविणें हा काव्याचा अपमान आहे. या आक्षेपांतील अर्धा भाग निकालांत काढणें सोपें आहे. अर्थप्राप्ति हा काव्याचा हेतु असूं शकतो हें मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त स्पष्टपणें मान्य केलें आहे, आणि राजांच्या स्तुतीसाठीं बिदागी घेऊन लिहिलेलीं काव्यें आपण आदरानें शिकवितों. धंद्यासाठीं केलें म्हणून कलाकृति हीन ठरत नाहीं. शिवाय या पाट्यांची संतति कलेच्या मंदिरांत केव्हांच पोंचली आहे. १९६७ सालीं ब्रूस नाउमन या अमेरिकन कलावंतानें सॅन फ्रान्सिस्को येथें एका जुन्या किराणा दुकानाच्या जागेंत आपली कार्यशाळा थाटली होती. खिडकींत पूर्वीच्या धंद्याची बिअरची निऑन पाटी राहून गेली होती. तिच्यावरून सुचून त्यानें निऑनच्या नळ्यांचें एक वर्तुळाकार वळत जाणारें वाक्य केलें. खरा कलावंत जगासाठीं काय करतो, याविषयीं तें आहे, आणि तें गंभीरपणें म्हटलें आहे कीं थट्टेनें, हा प्रश्न त्यानें पाहणाऱ्यावर सोपविला आहे. पुढें १९८४ सालीं त्यानें जगण्यामरण्याविषयींचीं शंभर लहान लहान वाक्यें पाळीपाळीनें उजळणारी एक प्रचंड पाटी केली. ती जपानांतील नाओशिमा बेटावर आहे. बिअरच्या पाटीपासून घेतलेला धडा तेथें उघड दिसतो.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र इतका सोपा नाहीं. राजस्तुतीचें काव्य वाचून कोणाचें घर बुडालें नाहीं. या पाटीचें काम रस्त्यावरून जाणाऱ्या मनुष्यास आंत बोलावणें हें होतें, आणि जे आंत गेले त्यांपैकीं सर्वच वेळेवर बाहेर आले नाहींत. तेव्हां जी वस्तु लोकांना मोहांत पाडण्यासाठींच सुंदर केली, तिचें सौंदर्य निराळें काढून चाखावें काय?

हिंदुस्थानांत परतल्यावर मी ही हकीकत माझ्या वहिनींना सांगितली. सांगावी कीं नाहीं याचा मला आधीं संकोच होता. त्या तांदूळ निवडीत होत्या. माझें वर्णन त्यांनीं मुकाट्यानें ऐकून घेतलें, आणि मग विचारलें, ‘भावोजी, पेला भरल्यावर पुढं काय दाखवतात?’ मीं म्हटलें, ‘कांहीं नाहीं. जरा वेळ अंधार, आणि पुन्हां पहिल्यापासून बाटली.’ त्यांनीं एकदां माझ्याकडे पाहिलें, आणि पुढचे तांदूळ सुपांत ओढून घेतले.

त्या प्रश्नानें मला त्या पाटीचा अर्थ नव्यानें लावावा लागला. तीं कारागिरांनीं भरलेल्या पेल्यापाशीं थांबविली होती, कारण विक्रेत्याला पुढचें कांहीं दाखवावयाचें नव्हतें. रिता पेला, घरीं जाण्याची वाट, दार उघडणारें माणूस, यांपैकीं कशाचीही नळी त्यानें वांकविली नाहीं. परंतु यंत्राला पुन्हां आरंभाशीं यावयाचें असल्यानें मधें अंधार टाकावा लागला; आणि जें विक्रेत्यानें लपविलें तें सगळें त्या दीड-दोन सेकंदांत जाऊन बसलें. त्याहून विलक्षण गोष्ट ही कीं, अंधारानंतर पुन्हां तीच बाटली, पुन्हां तीच धार, रात्रभर, वर्षभर, हा जो क्रम त्या चकत्यांनीं चालविला होता, तो व्यसनाचाच क्रम आहे. माझ्या बंधूंचीं अखेरचीं वर्षें कोणी चार रेघांत सांगावयास गेला असता, तर याहून निराळें त्याला काय सांगतां आलें असतें? जाहिरातदाराच्या मनांत हें नव्हतें हें उघड आहे. परंतु कर्त्याच्या मनांत होतें तेवढेंच कृतींत असतें, हें मत आपण काव्याच्या बाबतींतही मानीत नाहीं.

येथें संग्राहकाचें महत्त्व ध्यानांत येतें. मद्यगृहाच्या खिडकींत असतांना ती पाटी कोणीच पुरती पाहत नसे. जाणारा एक दृष्टिक्षेप टाकी, आणि आंत जाई अथवा पुढें जाई. अंधार त्याच्या वांट्यास येत नसे, आला तरी त्याला तो दिसत नसे. पाटी त्याला उद्देशून बोलत होती, आणि ज्याला उद्देशून बोलावयाचें त्याला तान्हेला गिऱ्हाईक याहून अधिक किंमत नव्हती. तळघरांत आल्यावर ती कोणालाच उद्देशून बोलत नाहीं. तेथें बिअर विकावयाची नाहीं, कारखाना बुडालेला आहे, आणि जो पाहतो त्याला कोठें जावयाचें नाहीं. भट्टनायकानें ज्याला साधारणीकरण म्हटलें, म्हणजे भाव अमक्याचा तमक्याचा न राहतां सर्वांच्या आस्वादाचा होणें, तें या पाटीच्या बाबतींत संग्राहकानें तिला खिडकींतून उतरविल्यामुळें घडलें. तिच्या मोहाचें सौंदर्य आणि त्या सौंदर्याचें खोटेपण हीं दोन्ही एकाच वेळीं दिसण्याची सोय त्यानें केली. मद्याच्या जाहिरातीविषयींचें माझें मत आजही पूर्वींचेंच आहे. संग्रहाविषयींचें मात्र बदललें तें या कारणानें.

परंतु ही सोय एका अटीवर अवलंबून आहे, आणि त्या अटीच्या बाबतींत संग्राहकांत तीव्र मतभेद आहेत. त्या तळघरांतील दुसऱ्या एका पाटींत धारेची नळी मेलेली होती. बाटली कले, पेला भरे, पण मधली धार उजळत नसे. मीं दुरुस्तीविषयीं विचारलें. गृहस्थ स्वतः विजेच्या कामांत मुरलेले, आणि नवी नळी करून देणारा कारागीर त्यांच्या ओळखीचा; तरी ते तयार नव्हते. त्यांचें म्हणणें असें कीं, ही नळी ज्यानें वांकविली त्याचें नांवही आज कोणास ठाऊक नाहीं; त्याचा हात या कांचेंत तेवढा उरला आहे; ती काढून दुसरी बसविली कीं पाटी त्याची राहणार नाहीं. या बोलण्यांत जी माया होती तिच्यापुढें वाद घालणें मला तेथें सुचलें नाहीं. येथें घालतों.

‘अस्सल’ हा शब्द सर्व कलांत एकाच अर्थानें वापरतां येत नाहीं. मूर्तीची कांच किंवा दगड बदलला तर मूर्ति गेली. परंतु बंदिशीचें अस्सलपण पहिल्या गवयाच्या कंठाबरोबर जळून जात नाहीं. ती ज्या कोणाला यथातथ्य गातां येते त्याच्या कंठांत ती अस्सलच असते. हलती पाटी ही या दोहोंच्या मधली वस्तु आहे. तिला मूर्तीसारखें शरीर आहे आणि बंदिशीसारखा काळ आहे. कारागीर रेखाटनावरून नळी वांकवितो. तेंच रेखाटन, तीच जाडी, तोच वायु घेऊन दुसऱ्या हातानें केलेली नळी ही त्या बंदिशीची पुन्हां केलेली आवृत्ति आहे. धार न उजळणारी पाटी मात्र अंतरा विसरलेल्या गवयासारखी आहे. त्याचा कंठ मूळचा असला म्हणून गाणें पुरें होत नाहीं. इतकेंच नव्हे, तर जी पाटी चालतच नाहीं तिच्यांत तिचा अंधारही नाहीं. ती निव्वळ वांकविलेली कांच होते, आणि मग तिच्याविषयीं ‘किती गोड, किती जुनी’ यापलीकडे बोलतां येत नाहीं. जुन्या काळाविषयींची ही गुळचट माया हा या छंदाचा सर्वांत मोठा दोष आहे असें मला वाटतें. काढलेली नळी जपून ठेवावी, तिच्यावर चिठ्ठी लावावी. पण धार वाहूं द्यावी.

मग कोणी पुढें जाऊन विचारील कीं, हात बदलला चालतो, तर वायु बदललेला कां चालूं नये? हल्लीं पुष्कळ ठिकाणीं निऑन काढून एलईडी दिवे बसवितात. ते स्वस्त पडतात, फुटत नाहींत, वीज कमी खातात. या प्रश्नाचें मोठ्या प्रमाणावरचें उदाहरण त्याच मिनेसोटांत आहे. मिनिआपोलिस शहरीं नदीकांठीं निकोलेट बेटावर ग्रेन बेल्ट या बिअरची बाटलीच्या झांकणाच्या आकाराची प्रचंड पाटी आहे. ती आधीं एका नृत्यगृहाच्या छपरावर होती. १९५० सालीं बेटावर आली. साधे दिवे आणि निऑन यांच्या साहाय्यानें तिचीं अक्षरें क्रमानें उजळत. १९७५ सालीं कारखाना विकला जाऊन बंद झाला, आणि पाटी विझली. १९८९ सालीं ती पुन्हां पेटली, १९९६ सालीं पुन्हां विझली. पुढें त्या बिअरचें नांव ज्यांच्याकडे आलें त्या शेल कारखान्यानें ती विकत घेऊन दुरुस्त केली, आणि २०१७ च्या डिसेंबरांत ती पुन्हां पेटविली. पण आतां एलईडी दिव्यांनीं. याच्या उलट उदाहरण सिअॅटल शहरीं आहे. तेथील रेनिअर बिअरच्या कारखान्यावरचें तांबडें निऑन अक्षर २००० सालीं उतरविलें गेलें. मूळ अक्षर आतां त्या शहराच्या इतिहास व उद्योग संग्रहालयांत आहे, आणि २०१३ पासून जुन्या इमारतीवर त्याची प्रतिकृति उभी आहे. एका ठिकाणीं जागा व क्रम राहिले, प्रकाश बदलला. दुसऱ्या ठिकाणीं मूळ वस्तु राहिली, जागा सुटली.

भाषांतराचा धंदा केलेल्या मनुष्यास या दोहोंपैकीं कोणासही नांवें ठेवणें जड जातें. एलईडीची पाटी हें भाषांतर आहे. त्यांत क्रम राहतो, अर्थ राहतो, ध्वनि बदलतो. निऑनचा प्रकाश नळीच्या सर्वांगांतून, सर्व बाजूंनीं सारखा येतो, आणि विझतांना कांच क्षणांत राखी होते. एलईडीचा प्रकाश म्हणजे ठिपक्यांची ओळ. तिच्यावर पडदा घालून ती अखंड भासवावी लागते. नदीपलीकडून पाहण्याच्या पाटीला हा फरक सोसतो. हातभर अंतरावरून पाहण्याच्या पाटीला सोसत नाहीं. भाषांतर करावें, पण त्यावर ‘भाषांतर’ असें लिहावें, एवढीच अपेक्षा आहे. एलईडीची नवी पाटी जुनी निऑन म्हणून विकणें हा व्यवहार लबाडीचा आहे, आणि मूळ वाचणारे कमी झाले म्हणून मूळच मोडींत घालणें हा अविचार आहे.

अमेरिकेंत या पाट्यांसाठीं सार्वजनिक जागाही झाल्या आहेत. लॉस एंजेलिस येथें १९८१ सालीं निघालेलें निऑन कलेचें संग्रहालय आतां ग्लेनडेल येथें आहे. लास व्हेगास येथें १९९६ पासून निऑन संग्रहालय आहे. सिनसिनाटी येथें पाट्यांचें स्वतंत्र संग्रहालय आहे. सेंट लुइस येथें महामार्गालगत बिअर कारखान्याचा निऑनचा गरुड १९६२ पासून पंख हालवीत आला आहे. तो तर अद्यापि आपल्या मूळच्या नोकरींतच आहे. घरच्या तळघरांतील संग्रह यथावकाश अशा संस्थांकडे जातील, आणि तेव्हां ते कसे मांडावे हा प्रश्न येईल.

त्याविषयीं माझी सूचना अल्प आहे. पाटीखालीं कारखान्याचें नांव, साल, नळ्यांतील वायु, आणि कोणती नळी केव्हां बदलली हें लिहावें. पाटी बंद ठेवूं नये. मोटरीचा आवाज कमी करण्याचा प्रयत्नही करूं नये. आणि तिच्यासमोर एक बांक ठेवावें. उभा असलेला मनुष्य पेला भरला कीं पुढच्या पाटीकडे जातो. बसलेला मनुष्य अंधारासाठीं थांबेल, आणि निदान तीन-चार वेळां बाटली परत आलेली पाहील.